कोल्हीण रडली नाही

मी एक गोष्ट. सध्या एका म्हातारीच्या घशात अडकून पडलेय.

माझे आईबाप कोण, ते विचारू नका. मी जन्मभर लोकांच्या तोंडी वाढले. माझ्यात एक कोल्हीण आहे. ती कोंबड्यांच्या खुराड्यात शिरते आणि मागून दार लागतं. मालक काठी घेऊन येतो, तर ही आतूनच दरडावते, "आत्ता येतोस होय? चोर इथं कोपऱ्यात लपलाय. तू आत ये, मी दारात राखण करते." मालक आत शिरतो. कोल्हीण बाहेर पडते आणि कडी लावून घेते. एवढीच मी.

म्हातारी आणि तिची लेक एकाच लाँड्रीत कामाला होत्या. दोघी चादरीची टोकं धरून समोरासमोर उभ्या राहायच्या. झटकायचं, जवळ यायचं, घडी घालायची. दर घडीला मी थोडी पुढे सरकायची. मुकादम कुणावर खेकसला, की त्या दिवशी म्हातारी मला हमखास बाहेर काढायची. मालकाचा आवाज हुबेहूब मुकादमाचा. बायका तोंड दाबून हसायच्या आणि मला घरी घेऊन जायच्या. त्या बायका पांगल्या, लाँड्रीत मशिनं आली. मला शेवटापर्यंत सांगणारी उरली ही एकटी.

मग तिला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, "बोलतं करा यांना. नाहीतर जीभ कायमची बसेल." भेटायला येणारे उशाशी बसून "बिचारी" म्हणायचे आणि चहा पिऊन जायचे. म्हातारीनं भिंतीकडे तोंड फिरवलं. मी आत धडका देत होते. दातांपर्यंत यायची आणि परत मागे.

एका दुपारी लेक चादर घेऊन आली. एक टोक आईच्या डाव्या मुठीत कोंबलं.

"धर नीट. तुझी ती कोल्हीण सांगते आज."

लेकीला माझा शेवट येत नव्हता. लाँड्रीत मला ऐकताना हिचं लक्ष कायम चादरीच्या काठांकडे. पण आईला राग कशाचा येतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"तर कोल्हीण अडकली. मग ती रडली, मालकाच्या पाया पडली. मालक म्हणाला, जा बिचारे."

चादर ताणली गेली.

"काय गं, चुकलं का?"

"रड... ली..." म्हातारीचा चेहरा लालबुंद झाला. "नाही."

लेकीनं चादरीच्या टोकाला डोळे पुसले. "बरं, नाही रडली. मग काय केलं तिनं?"

म्हातारीचे ओठ हलत राहिले. पुढचं आलं नाही.

अजून तशीच आहे मी. दोन शब्द बाहेर, बाकी सगळी आत. लेक रोज नवा खोटा शेवट घेऊन येते, म्हातारी रोज चादर खेचते.

तुम्हाला माझा शेवट कळलाय. खुशाल कुणालाही सांगा. कोल्हीण काळी करा, खुराड्याचं कोठार करा, माझं काही जात नाही. फक्त तिला रडवू नका. पाया पडून सुटली असती, तर मला कुणी घरी नेलं नसतं.

लेकीला मात्र काही सांगायचं नाही. तिनं रोज चुकायला हवं.