एक घोट पाणी

दिवसभर लोकांचा राग ऐकायचा, हे माझं काम. पंखे, मिक्सर, इस्त्र्या दुरुस्त करणाऱ्या दुकानाची तक्रार खिडकी माझ्याकडे आहे. मशीन बिघडतं कोणाचं तरी, दुरुस्त करतो आतला मिस्त्री, आणि बोलणी खाते मी. उलट उत्तर द्यायचं नाही, हा दुकानाचा नियम. साहेबांनी पहिल्याच दिवशी युक्ती शिकवली होती: गिऱ्हाईक ओरडलं की आधी पाण्याचा एक घोट घ्यायचा, राग गिळायचा आणि मग म्हणायचं, "बोला, मी ऐकतेय." संध्याकाळी घरी निघते तेव्हा पोटात नुसतं पाणी डुचमळत असतं.

घरी चपला काढते न काढते तोच तिथली गाऱ्हाणी सुरू. लेक माझी पाच वर्षांची. गाल असे की सगळे तिला ढमीच म्हणतात. राग मात्र कायम नाकाच्या शेंड्यावर. बालवाडीत तिनं एका मुलाला चावलं, मग एका मुलीला ओरबाडलं, मग ठोकळ्यांचा डबा भिरकावला. बाईंनी मला बोलावून घेतलं. "आता अजून एकदा असं झालं तर आम्हाला तिला ठेवून घेता येणार नाही," म्हणाल्या.

ठेवून घेता येणार नाही म्हणे. मग मी कुठे ठेवू? सासूबाईंचे गुडघे त्यांना स्वतःलाच उचलू देत नाहीत, नवरा ट्रक घेऊन गेला की आठवडाभर तोंड दाखवत नाही. ढमी घरी म्हणजे मीही घरी, आणि खिडकीवर दुसरं कोणीतरी. एवढा सरळ हिशोब होता.

दुसऱ्या दिवशी बालवाडीला सुट्टी होती, म्हणून तिला दुकानात घेऊन गेले. माझ्याशेजारी स्टुलावर बसून ती दुपारभर टकामका बघत होती. एक बाई पंख्यावरून किंचाळल्या, एका काकांनी काचेवर मूठ आपटली. मी आपली घोट घ्यायची आणि "बोला, मी ऐकतेय." परत येताना बसथांब्यावर तिला म्हटलं, "पाहिलंस ना? लोक एवढे ओरडले, पण आई चावली का कोणाला? राग आला की गिळून टाकायचा."

"कसा गिळायचा?"

"मी गिळते तसा."

तेवढ्यात बस आली. आणखी समजावायला माझ्या अंगात त्राणही नव्हतं.

आणि काय सांगू, जादूच झाली! चावणं बंद, ओरबाडणं बंद. बाई म्हणाल्या, "किती समजूतदार झाली हो!" सासूबाई म्हणाल्या, "गुणाची झाली पोर, कोणाची दृष्ट नको लागायला." मी म्हटलं, सुटले बाई एकदाची.

मग तिचं जेवण सुटलं. दोन घास खायची आणि ताट सरकवायची. दप्तरात रोज ओल्या कपड्यांची पिशवी यायला लागली. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, काही नाही म्हणाले. बाई म्हणाल्या, सारखी पाणी पिते, सारखी बाथरूमला पळते, बाटली रिकामी झाली की पुन्हा भरून मागते. उकडत असेल, मी म्हटलं. डोक्यात प्रकाश पडायला आधी डोकं ठिकाणावर असावं लागतं. ढमीचे गाल बसले. नाव तेवढं ढमी राहिलं.

काल एक माणूस तोच मिक्सर तिसऱ्यांदा घेऊन आला होता आणि माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करून गेला. घरी आले तेव्हा उभं राहवत नव्हतं. तरी ताट वाढलं, ढमीसमोर बसले.

"नको," ती म्हणाली. "पोट भरलंय."

"कशानं ग बाई? सकाळपासून काय खाल्लंयस?"

"रागानं."

मला हसू आलं. पण तिचा चेहरा बघून ते तोंडातच राहिलं.

"मी पाण्याबरोबर गिळते ना," ती म्हणाली. "तू गिळतेस तसाच. पण तो खाली जातच नाही, आई. तिथंच बसतो. मग जेवण कुठे ठेवू?"

कसलं उकडणं आणि कसलं काय! पोरगी दिवसभर माझी नोकरी करत होती.

"किती गिळलेस ग?" मी विचारलं.

"खूप. पिवळा रंग घेतला त्याचा एक. बाईंनी माझंच नाव घेतलं त्याचा एक. आजी गुणाची म्हणते त्याचा एक." मग पोटावर हात ठेवून म्हणाली, "आणि तुझा. तो सगळ्यात खाली आहे."

"माझा कशाला?"

"तू त्या काचवाल्या काकांना म्हणतेस, बोला, मी ऐकतेय. मला म्हणतेस, गप बस जरा."

खोटं कशाला बोलू, मला तिचा राग आला. सकाळपासून जगाची बोलणी ऐकून घ्यायची, आणि घरी आल्यावर हिचीपण! हात आपोआप पेल्याकडे गेला. पेला ओठाला लागला तेव्हा बघते तर ढमी माझ्या गळ्याकडे टक लावून बसली होती. घोट कसा उतरतो ते बघत.

मी पेला खाली ठेवला.

"मला राग आलाय," मी म्हटलं. हे वाक्य मी शेवटचं कधी उच्चारलं होतं कोण जाणे. "त्या मिक्सरवाल्याचा आलाय. साहेबांचा आलाय. थोडा तुझाही आलाय."

मला वाटलं आता भोकाड पसरेल. पण ती शहाण्यासारखं म्हणाली, "मग गिळू नकोस. दुखतं."

मला रडू येत होतं, ते मी येऊ दिलं. मग नाक पुसून म्हटलं, "चुकलं माझं. चावायचं नाही, हे खरं. पण गिळायचंही नाही. सांगायचं."

"बाईंना पण? आणि त्या रागावल्या तर?"

"उद्या मी येते बरोबर. दुकानात उशिरा जाईन."

"साहेब ओरडतील."

"ओरडू देत."

तिनं माझ्याकडे बघितलं. खरं बोलतेय की खिडकीवरचं बोलतेय, ते तपासत असावी.

"बोल," मी म्हटलं. "मी ऐकतेय." आवाज घोगरा आला, खिडकीवरच्यासारखा गोड काही जमला नाही.

ती पिवळ्या रंगापासून सुरू झाली. कोणी घेतला, कसा हिसकावला, तिचा सूर्य कसा अर्धाच राहिला. भात निवून गेला. बाहेरून सासूबाईंनी दोनदा विचारलं, जेवताय का गप्पा मारताय? सूर्याचं सांगता सांगता तिनं मध्येच आ केला. मी घास भरवला. तिनं तो नीट चावला, गिळला, आणि म्हणाली, "तर आता दुसरा राग."