गुरुवारपुरता अंधार

चिम्बाला गावात वीज येऊन जेमतेम पाच महिने झाले होते आणि आता ती घालवायची होती. कायमची नाही, फक्त गुरुवारपुरती. जिल्ह्याचे ऊर्जा अधिकारी म्साका हे सांगायला मोटारसायकलवरून आले, आणि आंब्याखाली बसल्यावरही त्यांनी हेल्मेट काढलं नाही. त्यावरून प्रकरण गंभीर आहे एवढं सगळ्यांना कळलं. बाकी काही कळलं नाही.

"म्हणजे बिघडलीय का?" म्फुमूंनी, म्हणजे गावप्रमुखांनी, विचारलं.

"नाही म्फुमू. उत्तम चालू आहे. अडचण तीच आहे."

फालेसी पुढे सरकून बसली. ती गावाच्या वीज समितीची अध्यक्ष होती. अध्यक्ष बाईच हवी असा वीज देणाऱ्यांचा नियम होता, आणि नेमणुकीच्या दिवशी ती म्फुमूंना मासे द्यायला आली होती, म्हणून समोर सापडली. उपाध्यक्षही बाईच हवी होती. तिथे दोरिका सापडली. दोरिका ही फालेसीच्या माजी नवऱ्याची आत्ताची बायको. दोघी एकमेकींशी बोलत नसत, त्यामुळे समितीच्या सभा लांबत.

म्साकांनी समजावून सांगायला घेतलं. शाळेमागची सूर्याची पॅनेलं एका देशाने दिली होती. गाव त्या देशाच्या माणसांना पॅनेलवाले म्हणे. पॅनेलं सूर्य असेतोवर चालतात. सूर्य बुडाला की दवाखान्यातली बाळंतीण पुन्हा मेणबत्तीच्या उजेडात. म्हणून बॅटऱ्या हव्यात, आणि त्या दुसरा देश देणार आहे. हे बॅटरीवाले गुरुवारी पायाचा दगड बसवायला येताहेत. इथपर्यंत सगळं सरळ होतं.

"पण त्यांच्या कागदात चिम्बाला हे वीज नसलेलं गाव आहे," म्साका म्हणाले. "वीज नसलेल्या गावांनाच ते बॅटऱ्या देतात."

"वीज नसलेल्या गावात बॅटरीत भरणार काय?" फालेसीने विचारलं.

"अमाई, हा प्रश्न मीही विचारला होता. राजधानीत. तेव्हापासून तिथे मला कोणी चहाला बोलावत नाही."

"मग त्यांना सांगू या ना, वीज आलीय म्हणून."

"सांगितलं, तर बॅटऱ्या शेजारच्या जिल्ह्यात जातील. तिथे वीज नाही."

"तिथे पॅनेलं आहेत?"

"नाहीत."

फालेसीने हे सगळं डोक्यात एकदा उलट आणि एकदा सुलट फिरवून पाहिलं. दोन्हीकडून ते सारखंच दिसत होतं. शेवटी तिने आपल्याला कळणारा प्रश्न विचारला.

"माझ्या माशांचं काय?"

हा प्रश्न साधा नव्हता. तिच्या भावाने जोहान्सबर्गहून बसच्या टपावर घालून एक जुना फ्रीझर पाठवला होता. महिना ऑक्टोबरचा. नोव्हेंबर लागला की मासे अंडी घालणार म्हणून सरोवर बंद, मोठी जाळी किनाऱ्यावर पडून. म्हणून तिने फ्रीझर काठोकाठ चांबो माशांनी भरला होता. बंदीचे दोन महिने ती आणि तिच्या तीन मुली त्या माशांवर जगणार होत्या. दिवसा गोठलेला मासा झाकण न उघडता रात्र काढी. पण बुधवारची रात्र, अख्खा गुरुवार आणि वर गुरुवारची रात्र, तेही ऑक्टोबरच्या उकाड्यात, हे तिने कधी करून पाहिलं नव्हतं.

"झाकण बंद ठेवा अमाई. गोधड्या टाका वरून. काही होत नाही."

"बाम्बो म्साका, तुमच्याकडे फ्रीझर आहे?"

"नाही."

"वाटलंच."

पलीकडून दोरिका म्फुमूंना म्हणाली, "अध्यक्षबाईंना सांगा, गावातल्या बाळंतिणींपेक्षा मासे मोठे असतील तर तसं स्पष्ट बोलावं."

"उपाध्यक्षबाईंना सांगा," फालेसी म्हणाली, "तीन बाळंतपणं मी मेणबत्तीवरच केलीत. साधा दिवाही धरता न येणारा माणूस तेव्हा माझ्या घरात होता. आता त्यांच्या घरात आहे."

म्फुमूंनी यातलं काहीच कोणाला सांगितलं नाही. त्यांनी टाळी वाजवली, सगळ्यांनी वाजवली, आणि अंधार मंजूर झाला.

गुरुवारी सकाळपासून गाव कामाला लागलं. अंधार दाखवायचा तर तो भर दुपारी कसा दाखवणार, हे कोणाला सुचत नव्हतं. न्हाव्याने विजेचं यंत्र लपवलं आणि कात्री काढली. पहिलं गिऱ्हाईक कात्री बघून उठून गेलं. पिठाची गिरणी बंद केली आणि दोन बायका उखळ-मुसळ घेऊन वाटेवर उभ्या केल्या. त्यांनी बऱ्याच दिवसांत मुसळ हातात धरलं नव्हतं. त्या एकमेकींच्या पायावर मारत होत्या. पॅनेलांचं काय करायचं हा मोठाच प्रश्न होता, पण तो म्साकांनी स्वतः सोडवला. पॅनेलांवर जुनी जाळी अंथरून वर उसिपा वाळत घातले. बोटाएवढे ते चंदेरी मासे सरोवराकाठी सगळीकडेच वाळत असतात, मग शाळेमागे का नसावेत.

फालेसीने फ्रीझरवर गोधड्या टाकल्या, त्यावर पोती, आणि पोत्यांवर धाकट्या मुलीला बसवलं. "कोणी झाकण उघडायला आलं तर रडायचं," असं तिला सांगून ठेवलं.

बॅटरीवाल्या मॅडम वेळेवर आल्या. उंच, हसऱ्या, उन्हाने लाल झालेल्या. उखळ बघून त्यांचे डोळे भरून आले. फालेसी अध्यक्ष म्हणून त्यांच्या शेजारी बसली, आणि म्साका दुभाषे म्हणून दोघींच्या मध्ये.

"मॅडम विचारताहेत, तुमच्याकडे वीज आली तर तुम्ही काय कराल?"

फालेसीला हा प्रश्न अवघड गेला. जे आपण रोज करतो ते करायची इच्छा कशी दाखवायची?

"मासे गोठवेन," ती म्हणाली.

"आणि मग कसं वाटेल?"

"गार," फालेसी म्हणाली. म्साकांनी त्याचं भाषांतर बरंच लांब केलं. मॅडमनी फालेसीचा हात हातात घेतला. तो सोडवून फ्रीझरवर ठेवून यावा असं तिला फार वाटत होतं.

आणि मग बायका नाचत आल्या.

पाहुणा आला की त्याच्या मानाचं कापड नेसायचं, ही इकडची रीत. बिशप आला की चर्चचं चितेन्जे कमरेला, पुढारी आला की त्याच्या पक्षाचं. भलतं नेसून नाचलं तर पाहुण्याचा अपमान होतो. वीजवाले येणार म्हटल्यावर बायकांनी पेटीतून विजेचं चितेन्जे काढलं होतं. पॅनेलांच्या उद्घाटनाला प्रत्येकीला मिळालेलं, कडक इस्त्रीचं. त्यावर पिवळाधमक दिवा होता, खाली एकमेकांत गुंफलेले दोन हात, आणि भोवती मोठ्या अक्षरात, 'चिम्बालात उजेड आला'. चाळीसेक बायकांच्या कमरेवर तो उजेड तालात डुलत मॅडमच्या समोर आला. गावाने वीज सगळीकडून काढली होती, फक्त बायकांच्या अंगावरून काढायची राहिली होती. फालेसीने खाली पाहिलं. तिनेही तेच नेसलं होतं.

"काय लिहिलंय त्यावर?" मॅडमनी विचारलं.

"चिम्बालात उजेड यावा," म्साका म्हणाले. "प्रार्थना आहे."

"फार सुंदर. पण हे हातांचं चिन्ह तर आमच्या खालच्या मजल्यावरच्यांचं आहे."

राजधानीत बॅटरीवाले आणि पॅनेलवाले एकाच इमारतीत बसत, वर आणि खाली. भागीदारांनी एकमेकांशी समन्वय ठेवावा, असं दोघांच्याही कागदात होतं. जिन्यात भेटल्यावर नमस्कार करण्यापलीकडे आजवर तशी संधी आली नव्हती. ती आली याचा मॅडमना मनापासून आनंद झाला. त्यांनी लगेच फोन लावला. पॅनेलवाल्यांचा मुख्य माणूस जवळच किनाऱ्यावरच्या हॉटेलात होता. समन्वयावरच्या परिषदेला आला होता.

"येतोय तो," मॅडम म्हणाल्या.

म्साकांनी सकाळपासून काढून ठेवलेलं हेल्मेट परत घातलं.

तो आला. बारीक, टोपीवाला, विनयशील माणूस. सरळ शाळेमागे गेला आणि जाळ्याचं एक टोक उचललं. उसिपा खाली सांडले. पॅनेल सूर्याकडे बघत होतं. त्याने ते बोटाने पुसलं, बोटाचा वास घेतला आणि म्साकांना विचारलं की वीज बंद का आहे. त्याच्या कागदाप्रमाणे गाव पाच महिने उजेडात होतं.

"देखभाल," म्साका म्हणाले.

"माशांनी?"

मग दोन्ही पाहुणे आंब्याखाली बसून आपापसात बोलू लागले. भांडण अजिबात नव्हतं, हेच फालेसीला कळेना. भांडण असतं तर कोणीतरी हरलं असतं आणि वीज चालू किंवा बंद झाली असती. हे दोघे एकमेकांना 'तुमचं बरोबर आहे' म्हणत होते, आणि सूर्य आंब्याच्या पलीकडे निघाला होता.

"काय म्हणताहेत?" तिने विचारलं.

"तो म्हणतो वीज आहे. त्या म्हणतात नाही. आणि दोघांचंही खरं ठरायला हवं. एक जरी खोटा पडला तरी राजधानीतून चौकशी येईल, मग पॅनेलंही जातील आणि बॅटऱ्याही."

"खरं काय ते तर समोर आहे."

"अमाई, समोर काय आहे ते कोणीच विचारत नाहीये."

फालेसी उठून घरी जाऊन आली. पोत्यांखाली हात घालून तिने फ्रीझरचं अंग चाचपलं. गार होतं, पण सकाळी होतं तसं नव्हतं. खालून पाण्याची एक रेघ निघून दाराकडे चालली होती. मुलगी म्हणाली, "कोणी आलं नाही. तरी मी थोडं रडून घेतलं."

ती परत आली तेव्हा तोडगा निघाला होता. सगळे खुशीत होते. म्साकांनी हेल्मेट काढलं होतं.

तोडगा असा. होड्यांच्या धक्क्यापासून दवाखान्यापर्यंत जो रस्ता जातो, त्याच्या सरोवराकडच्या बाजूला वीज आहे. कधीचीच आहे. डोंगराकडच्या बाजूला ती नाही, आणि कधी नव्हतीच. पॅनेलवाल्यांचं गाव उजेडात, बॅटरीवाल्यांचं अंधारात, आणि दोन्ही गावांचं नाव चिम्बाला. बॅटऱ्या आल्या की दोन्ही जोडायची. तोवर डोंगराकडच्या तारा काढून ठेवायच्या. टोपीवाल्यासोबत आलेल्या माणसांनी त्या काढायला घेतल्याही होत्या.

"आणि बॅटऱ्या कधी येणार?" म्फुमूंनी विचारलं.

"लवकरच," मॅडम म्हणाल्या. त्याचं भाषांतर करायला म्साकांनी वेळ घेतला.

फालेसीचं घर डोंगराकडे होतं.

"बाम्बो म्साका, मी कुठल्या गावात?"

"तुम्ही भविष्यात आहात अमाई. मॅडमनी खास सांगितलंय, अध्यक्ष अंधारातल्या हव्यात. त्यांना तुमचा फोटो काढायचाय. पहिला दिवा तुमच्या घरात लागेल."

"माझे मासे आज आहेत."

सगळे तिच्याकडे बघत होते. वीज समितीचा ठराव असला की अध्यक्षांनी आधी टाळी वाजवायची, मग गावाने, तेव्हाच तो होतो. तिने टाळी वाजवली नाही तर दवाखान्यातली मेणबत्ती तशीच राहणार होती. वाजवली तर दोन महिन्यांचं जेवण तिच्याच उंबऱ्यावरून पाणी होऊन वाहणार होतं. दोन्ही पाहुणे हसून मान हलवत होते. त्यांना वाटलं, बाई भारावली आहे.

फालेसीने रस्त्यापलीकडे पाहिलं. सरोवराकडच्या रांगेत पहिलंच घर दोरिकाचं. दोरिका शेजारीच उभी होती, पण म्फुमूंकडे तोंड करून.

"उपाध्यक्षबाईंना विचारा," फालेसी म्हणाली, आणि थांबली. म्फुमू कंटाळून पायांकडे बघत होते. ते काही विचारणार नव्हते.

"दोरिका," ती म्हणाली. "तुझ्या घरात सॉकेट आहे?"

"आहे. त्यांचा रेडिओ लागतो त्यावर."

"काढ तो."

दोरिकाने विचार केला. "फ्रीझर मोठा आहे तुझा. माझ्या घरात थंड अशी एकच खोली. अर्धी जाईल."

"अर्धीच जाईल."

"मासे काढायला येशील तर दारातून यायचं. रस्त्यावरून हाका मारायच्या नाहीत, माझ्या मुलांदेखत."

"दारातून येईन."

"मग वाजव टाळी. बाई उभी आहे कधीची फोटोला."

फालेसीने टाळी वाजवली. गावाने वाजवली. पाहुण्यांनी सर्वांत जोरात वाजवली आणि एकमेकांचे हात हातात घेतले, अगदी कापडावरच्यासारखे. अंधाऱ्या घरासमोर फालेसीचा फोटो निघाला, चितेन्जे बदलून. मग गाड्या गेल्या.

सहा जणांनी फ्रीझर उचलून रस्त्यापलीकडच्या गावात नेला. पाण्याची रेघ मागून येत होती. दारात दोरिकाचा नवरा, जो पूर्वी फालेसीचाही होता, स्टुलावर बसून मक्याचं कणीस खात होता. फ्रीझर बघून तो म्हणाला, "हे कशाला इथे?"

"समन्वय," दोरिका म्हणाली. "ऊठ."

रेडिओ निघाला, प्लग लागला. पॅनेलांवरची जाळी निघाली होती आणि सूर्य अजून हातभर वर होता. फ्रीझर खोकला आणि सुरू झाला. फालेसीने झाकण उघडून वरचा चांबो अंगठ्याने दाबला. मऊ. त्याखालचा दाबला, तोही मऊ. मग कोपरापर्यंत हात आत घालून तळ चाचपला.

"खालचे अजून दगड आहेत," ती शेवटी म्हणाली. "वरचा थर गेला."

"आज खाल्ला तर नाही गेला," दोरिका म्हणाली. "मक्याच्या पिठाची न्सीमा टाकते. तुझ्या पोरींना बोलाव. आणि हे किती दिवस राहणार इथे?"

"बॅटऱ्या येईपर्यंत."

"म्हणजे किती?"

फालेसीला ते माहीत नव्हतं. म्साकांनाही नव्हतं, हे तिने त्यांच्या चेहऱ्यावर बघितलं होतं. तिने दोरिकाच्या हातातली सुरी घेतली, दारातच बसली आणि पहिल्या माशाची खवलं काढायला लागली.