बेप्पूतली रिकामी गादी

जपानची गोष्ट मुनाफनं आतापर्यंत अकरा शुक्रवारी सांगितली होती, आणि अकराही वेळा त्याच्या बायकोनं, ताहेरानं, ती स्वयंपाकघरातून ऐकली होती. दोहातल्या त्या दोन खोल्यांत दर शुक्रवारी मुनाफचे दोस्त जेवायला यायचे. सगळ्यांची बायकापोरं देशात. साताऱ्याकडचा ड्रायव्हर पोपटराव यायचा, दुखानच्या तेल कंपनीतला वेल्डर मच्छिंद्र कुणाच्या तरी गाडीतून यायचा, आणि ताहेराच्या माहेरच्या बाजूचे रहमानचाचा यायचे. हमूर माशाचं सालन उकळेपर्यंत बैठकीत जपान चालायचं.

"ए मुनाफभाय, त्ये गरम पाण्याचं सांग की," पोपटराव पाय पसरून म्हणायचा.

"थांब रे, अजून टोकियोच झालं नाय."

ताहेराला जपानातला तो आठवडा तोंडपाठ होता. पहिल्या दिवशी टोकियो, जिथं चौकात सिग्नल पडला की हजार माणसं एकदम रस्ता ओलांडतात आणि कुणाचा कुणाला धक्का लागत नाही. दुसऱ्या दिवशी एअर कंडिशनरचा कारखाना. मग ती आगगाडी, जिच्यात पेल्यातला चहा हलत नाही. क्योटोची लाकडी देवळं. नाराला मुनाफच्या खिशातला नकाशा हरणानं खाल्ला, तिथं मच्छिंद्र न चुकता हसायचा. मग ओसाका, आणि तिथून बोटीनं बेप्पू. बेप्पू म्हणजे गावभर जमिनीतून वाफा, गटारातून वाफा, दुकानाच्या पायरीखालून वाफा.

"आणि आंघोळीला गेलो तर सगळे नागडे! साठ वर्षांचे म्हातारे, मॅनेजर, सगळे. मी आपला लुंगीसकट उतरलो कुंडात. तर एक म्हातारा असा ओरडला, असा ओरडला! त्यांच्यात आधी बाहेर बसून अंग घासायचं, आणि मग पाण्यात जायचं. कपड्याचा धागा पाण्याला लागलेला चालत नाय."

"मंग? सोडलीस का लुंगी?"

"सोडतो काय! पळालो तिथनं."

पुरुष खिदळायचे. ताहेरा आत तान्ह्या लेकीला, जैतूनला, कडेवर सावरत भात वैरायची आणि तिचा जीव त्या पाण्याकडे ओढ घ्यायचा. तिचं आजोळ उन्हवऱ्याचं. तिथंही जमिनीतून कढत पाणी येतं. लहानपणी आई आणि मावशीबरोबर ती बायकांच्या कुंडावर जायची. गंधकाचा वास केसांना दोन दिवस राहायचा. बाळंतपणानंतर आईनं मावशीला आठवडाभर तिथल्या पाण्यानं शेकवलं होतं, ते तिला चांगलं आठवत होतं. जैतून झाली ती इथं, दोहात. ना आई, ना मालीशवाली, ना शेक. नऊ महिने झाले तरी मुलीला उचलताना कमरेत कळ यायची. मुनाफ वाफांचं सांगायला लागला की ती कळ जरा जास्तच जाणवायची. पण ही सफर कंपनीनं दिलेलं बक्षीस, आणि कंपनीचा नियम होता. 'माणूस एकटाच,' मुनाफनं सांगितलं होतं. नियमापुढं कोण काय करणार?

खरं तर ते बक्षीस आलं होतं जैतूनच्या लंगोटांमुळं.

मुनाफ जपानी एअर कंडिशनर विकणाऱ्या एका दुकानात दुरुस्तीचं काम बघायचा. त्या १९८१ सालच्या उन्हाळ्यात शमाल वारा सुटला की खिडकीच्या फटीतून पिठासारखी बारीक वाळू घरात यायची. एअर कंडिशनरची जाळी दोन दिवसांत चोंदायची, यंत्र धापा टाकून बंद पडायचं, आणि जैतून घामानं भिजून किंचाळत उठायची. ताहेरानं एका दुपारी मुलीचे दोन जुने, धुऊन धुऊन मऊ झालेले मलमलचे लंगोट एकावर एक शिवले, कडेनं नाडा ओवला आणि जाळीवर ताणून बसवले. वाळू कापडावर अडली. पण सबंध जाळी झाकली तर वारा कोंडला, आतल्या नळ्यांवर बर्फ धरला, आणि तो वितळून पाणी थेट पाळण्यात. मग तिनं उजव्या बाजूला कापड दोन बोटं आखूड केलं. बर्फ थांबला. सगळ्या मुशेरिब मोहल्ल्यात तेवढं एकच यंत्र महिनाभर न थांबता चाललं.

त्याच सुमाराला जपानच्या कंपनीनं दुरुस्तीवाल्यांकडून सूचना मागवल्या; चांगल्या सूचनेला बक्षीस जपानची सफर. मुनाफचं इंग्रजी म्हणजे 'यस सर' आणि 'गॅस खलास.' ताहेरा रत्नागिरीच्या कॉलेजात बी.ए. पर्यंत शिकलेली. जैतून झोपायची त्या अर्ध्या-अर्ध्या तासात, एका पायानं पाळणा हलवत, तिनं आठ दुपारी बसून तीन पानं लिहिली, आकृती काढली. खाली सही मुनाफची. फॉर्म नोकरमाणसांसाठी होता, त्यात वावगं काही नव्हतं. त्याचं नाव झालं तर आपलंच झालं, असं तिला मनापासून वाटलं होतं. तो विमानात बसला तेव्हा बॅग तिनंच भरली.

मग एका सोमवारी दुपारी मुनाफ घाईघाईनं घरी आला. मागं एक जपानी साहेब.

"इशिदासाहेब. कारखान्यातले. कापड बघायचंय म्हणतात," तो पुटपुटला. "तू आत हो. चहा ठेव."

इशिदासाहेबांनी दाराबाहेर बूट काढले, वळून नीट जोडून ठेवले. ते बघूनच ताहेराला माणूस आवडला. तिच्यासमोर ते कमरेतून वाकले आणि दोन्ही हातांनी एक पुडकं पुढं केलं. मोजक्या, तुटक इंग्रजीत ते म्हणाले, "मॅडम, आता तब्येत बरी?"

ताहेरानं गोंधळून पुडकं घेतलं.

"तुम्ही आजारी, म्हणून येऊ शकला नाहीत. आम्हाला फार वाईट वाटलं. बाकी सहा बक्षीसवाल्यांच्या मिसेस आल्या होत्या. बेप्पूच्या हॉटेलात तुमची गादी घातलेली होती. हा झगा त्या गादीवर होता. तुमचाच आहे. म्हणून आणला."

पुडक्यात सुती झगा होता, पांढऱ्यावर निळी पानं. घडी न मोडलेली.

तिनं मुनाफकडे पाहिलं. मुनाफ एअर कंडिशनरकडे पाहत होता, जणू तो आत्ताच बंद पडणार होता.

पाहुण्यासमोर नवऱ्याला उघडं पाडायचं नाही, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. "शुक्रन," एवढंच ती म्हणाली. चहा ठेवायला आत गेली. गादी घातलेली होती! सहा बायका येऊन गेल्या. त्या पाण्यात बसल्या, अंग शेकलं, हसल्या, आणि आपली चौकशी केली असेल बिचाऱ्यांनी. आणि आपण इथं, ठणठणीत, याची वाट बघत लंगोट धूत होतो!

बाहेर इशिदासाहेब खुर्चीवर चढून जाळी बघत होते. वहीत आकृती काढत त्यांनी विचारलं, "या बाजूला कापड आखूड का? सूचनेत त्याचं कारण लिहिलेलं नाही."

"शो," मुनाफ म्हणाला. "फॉर शो, सर. नॉट इम्पॉर्टंट."

साहेबांनी मान हलवली आणि वहीत आखूड बाजू पुरी करून टाकली.

ताहेरा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तोंड मिटून घेणं तिला जमलं होतं. पण हे? ही वही कारखान्यात जाणार, तिथं हजार कापडं सबंध शिवली जाणार, आणि हजार पाळण्यांत पाणी गळणार!

"नो, सर," ती म्हणाली. ट्रे खाली ठेवला, जैतूनला मुनाफच्या हातात दिलं, आणि बर्फ कसा धरतो, पाणी कुठं गळतं, दोन बोटं का आणि तीन का नाही, हे तिनं सरळ इंग्रजीत सांगितलं. साहेबांनी आकृती खोडून नवी काढली. मग वही मिटून शांतपणे विचारलं, "हे कुणी केलं?"

ताहेरानं मुनाफला वाट दिली. "सांगा ना," ती मराठीत म्हणाली.

मुनाफनं जैतूनची टोपी सारखी केली. "वुई, सर," तो म्हणाला. "फॅमिली."

साहेबांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. जाताना त्यांनी मुनाफला सांगितलं, कंपनीच्या पुस्तिकेत ही कल्पना छापायची आहे, कुणाला कशी सुचली त्याचं पत्र शनिवारपर्यंत हवं. आणि पुन्हा वाकले. या खेपेला आधी ताहेरासमोर.

दार लागलं.

"आजारी?" ताहेरा म्हणाली. "काय झालं होतं वो मला? निदान दुखणं तरी सांगा. कोण विचारील तर मला ठाऊक असायला हवं."

"आवाज हळू. शेजारी ऐकतील."

"ऐकू देत. तुमी नियम सांगितलात मला. माणूस एकटाच! आणि तिथं माझी गादी?"

"अगो, लहान पोर घेऊन कुठं..."

"माझ्या पोरीचं नाव घेऊ नका! इशिदासाहेब काय तिला उपाशी ठेवणार होते?"

मुनाफ पलंगाच्या कडेवर बसला. मग म्हणाला, "तिथं त्यांनी प्रश्न विचारले असते. तू पटापट बोलली असतीस. मग मी कोण? तुझी बॅग उचलणारा?"

"मग उचलली असतीत बॅग! मी तुमची इतकी वर्षं उचलते ती?" तिनं झग्याचं पुडकं पलंगावर ठेवलं. "मी सही मागितली होती का? माझं नाव मागितलं होतं? मी नुसतं आले असते. एका कोपऱ्यात पाण्यात बसले असते. तेवढं पण तुमाला जड झालं."

तरी गुरुवारी संध्याकाळी मुनाफ कोरा कागद आणि पेन घेऊन आलाच. "पत्राचं बघ ना जरा," असं म्हणत त्यानं ते पाळण्याशेजारी ठेवलं, नेहमीसारखं. ताहेरानं कागदाला हात लावला नाही.

शुक्रवारी मंडळी जमली. पोपटरावानं पाय पसरले. "हां, मुनाफभाय, येऊ द्या गरम पाणी!"

आणि ताहेरा जैतूनला घेऊन बैठकीत आली. आजवर ती पुरुषांत अशी कधी बसली नव्हती. खुर्ची ओढून ती बसली, तसा पोपटरावानं पाय आवरले.

"आज मी पण ऐकते," ती म्हणाली. "पण आज सुरुवात टोकियोपासून नको. माझ्या आजारपणापासून करा."

"भाभी, तुमी आजारी हुता? आमाला ठावं न्हाई," पोपटराव म्हणाला.

"मला पण नव्हतं ठाऊक, भाऊ."

"सालन करपेल तुझं," मुनाफ म्हणाला.

"सालन खाली उतरवलंय. झाकून ठेवलंय. पत्र लिहून झालं की वाढते." तिनं कागद-पेन त्याच्यासमोर सरकवलं. "जापानला जायचंय ते. या वेळी तुमी लिहा. मराठीत लिहा, इंग्रजी मी करीन. एक अक्षर बदलणार नाय."

मच्छिंद्रनं रहमानचाचांकडे पाहिलं. रहमानचाचा सगळं समजल्यासारखे दाढी कुरवाळत होते. त्यांनी ताहेराला लंगोट शिवताना पाहिलं होतं. त्या दिवशी सुईत दोरा त्यांनीच ओवून दिला होता. आणि तरी अकरा शुक्रवार ते गप्प बसले होते, हेही ताहेराला आत्ता, त्यांच्याकडे बघताना, चांगलंच टोचलं.

"लिही बाबा," चाचा खाली बघत म्हणाले. "पोरीचं खरं हाय."

"चाचा, तुम्ही पण?"

"आरं लिव्ह की मर्दा!" पोपटराव कळवळला. "काय आसंल त्ये लिव्ह. सकाळधरनं पोटात कावळं वरडत्यात!"

मुनाफ लिहायला लागला. खोडलं, परत लिहिलं. मच्छिंद्रनं एकदा 'यल्ला, यल्ला, आटप' केलं आणि ताहेराची नजर लागताच गप्प झाला. अर्ध्या पानाला पाऊण तास गेला. माशाचा वास झाकणाखालून येत राहिला आणि कुणी उठलं नाही.

"झालं," मुनाफ म्हणाला.

"वाचा."

त्यानं कागद उचलून वाचायला सुरुवात केली. कापड माझ्या बायकोनं शिवलं. बर्फाचं तिनं शोधलं. तीन पानं तिनं लिहिली. इथं तो थांबला. पोपटरावानं तोंडानं हवा आत ओढली. मुनाफनं पुढचं वाक्य भरभर, एका श्वासात वाचून टाकलं. नेमकी तेव्हाच जैतून हुंकारली.

"काय म्हणालात?" ताहेरानं मुलीला दुसऱ्या मांडीवर घेतलं. "पोरीच्या आवाजात ऐकू नाय आलं. परत वाचा."

मुनाफनं वर पाहिलं.

"माझी बायको आजारी नव्हती," त्यानं वाचलं. "मी खोटं बोललो."

"हां," ताहेरा म्हणाली. "आता पुढं वाचा. सावकाश."