समई पेटेपर्यंत

गोव्यातल्या पाळी गावापासून थोडं आत असलेल्या एका वाडीत काजू फोडण्याचं नवं केंद्र उभं राहिलं. पैसे एका परदेशी सरकारचे, त्यांच्या दिल्लीतल्या दूतावासामार्फत आलेले. अर्जावर फोटो पार्वतीचा होता. नवरा खनिजाच्या ट्रकखाली गेल्यापासून दहा वर्षं ती दुसऱ्यांचे काजू फोडत होती. टरफलातल्या तेलाने तिची बोटं काळी पडली होती. तिच्यासह अकरा विधवांना हक्काचं काम मिळेल आणि केंद्राची किल्ली त्यांच्याच हाती राहील, असं संस्थेचे अध्यक्ष गोकुळदास यांनी अर्जात लिहिलं होतं.

उद्घाटनाच्या सकाळी त्यांची बायको सुमंगला मागच्या पडवीत आली. अकराही जणी तिथे पाहुण्यांसाठी बटाट्याची भाजी करत होत्या.

"पार्वती, समई पेटासर तुमी कोणी फुडे येव नकात हां. शुभकार्य आसा. मागीर खावक बोलवतंय."

"आणि किल्ली कोणाच्या हातात?"

"माझ्या. पण तुमच्या नावान मगो!"

म्हातारी देवकी कांदा चिरता चिरता म्हणाली, "फोटोक विधवा चलता, दिव्याक चलना."

सुमंगला समईच्या वाती घेऊन मांडवाकडे वळली.

मांडवात पहिल्या रांगेत, केंद्रातल्या बायकांसाठी मांडलेल्या खुर्च्यांवर, अकरा सुवासिनी बसवल्या होत्या. हिरव्या साड्या, केसांत अबोली, कपाळावर ठसठशीत कुंकू. समई सुमंगलाने पेटवली. टाळ्या पडल्या. मग दूतावासाच्या बाई उठल्या आणि त्यांची दुभाषी प्राजक्ता माइकवर म्हणाली, "बाईंना तुमची ओळख करून घ्यायची आहे. ज्या विधवा आहेत, त्यांनी हात वर करा."

एकही हात हलला नाही. एकीने चटकन मंगळसूत्र मुठीत धरलं.

"हात वर कर गो," गोकुळदास बायकोच्या कानाशी पुटपुटले.

"तुमी जिते आसताना?"

माइक जवळच होता. सगळ्या मांडवाला ऐकू गेलं.

पडवीत कुणीतरी फिस्सकन हसलं. पार्वतीला हसू आलं नाही. तिला शिसारी आली. तिच्या दुःखावर या माणसांनी इमारत बांधली होती, फोटो काढले होते, हार घातले होते. तेच दुःख क्षणभर स्वतःच्या अंगाला लागेल म्हणताच हीच माणसं दचकली होती. झारा खाली ठेवून ती मांडवात आली आणि तिने काळी बोटं उंच केली.

"आमी विधवा. अकरा जणी. मागे भाजी करतांव."

प्राजक्ताने एक शब्द न गाळता सांगितलं. बाईंनी हिरव्या साड्यांवरून नजर फिरवली. सुमंगलाचा हात किल्ली घ्यायला पुढे आलेला होता. तो तसाच राहिला आणि बाईंनी किल्ली पार्वतीच्या हातात दिली.

दुसऱ्या सकाळी केंद्राच्या उंबऱ्याला गोमूत्राचा वास येत होता. विधवेचा हात कुलपाला लागणार म्हणून कुणीतरी आधीच शिंपडून गेलं होतं. समई सुमंगलाने घरी नेली होती. परदेशातून आलेल्या पैशांवर मात्र कुणी काही शिंपडलं नव्हतं.

पार्वतीने दार उघडलं आणि पिशवीतून मातीची पणती काढली. देवकी उंबऱ्याबाहेरच थांबली.

"आमी लावची? चलात मगो?"

"कोणाक इचारतस, काकी? जागा आमची."

पार्वतीने काड्यापेटी तिच्या हातात दिली. चाळीस वर्षांत देवकीने कुठल्याही शुभकार्यात दिवा लावला नव्हता. पहिली काडी मोडली. दुसरी विझली. बाकीच्या दहाही जणी तिच्याभोवती थांबल्या. देवकीने तिसरी काडी काढली.