उजवा डोळा

अंबरनाथला तीन कॉलेजांनी मिळून डोळ्यांच्या संशोधनासाठी एक इमेजिंग सेंटर सुरू केलंय. स्वप्नाली तिथं टेक्निशियन. संशोधन कुठल्याही कॉलेजचं असो, मशीन लावून द्यायचं, बिघडलं तर नीट करून घ्यायचं, हे तिचं काम.

त्या दिवशी डोळ्याच्या पडद्याचे फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याची लेन्स बदलली होती. तपासायला एखादा निरोगी डोळा हवा होता. तेवढ्यात तिचे सासरे हरिचंद्र, तिचा घरी राहिलेला डबा घेऊन शिरगावहून स्कूटरवर आले. तिनं त्यांनाच बसवलं. ते नको नको म्हणत होते, पण सुनेपुढे त्यांचं चाललं नाही.

डाव्या डोळ्याचा फोटो छान आला. उजव्यात मात्र मेंदूकडे जाणाऱ्या नसेचं एरवी गुलाबी असणारं टोक खडूसारखं पांढरं दिसत होतं.

लेन्स नीट बसली नसेल म्हणून तिनं कॅमेऱ्याच्या कंपनीतल्या अभिजीतला फोन लावला. तो म्हणाला, दुसऱ्या कुणाचा तरी उजवा डोळा घेऊन बघा. तिनं स्वतःचीच हनुवटी टेकवली. फोटो स्वच्छ आला. मशीन बरोबर होतं.

तिनं सासऱ्यांचा डावा डोळा तळव्यानं झाकला.

"बाबा, किती बोटं?"

त्यांनी तिचा हात बाजूला केला. "या डोल्यानं मना दिसत नाय. लहानपनी विटी लागलेली."

"आईंना माहितीये?"

"कोनालाच नाय."

लग्न जमणार नाही म्हणून हरिचंद्रांच्या आईनं तेव्हा तोंड उघडू दिलं नव्हतं. पुढे सांगायचं राहूनच गेलं.

स्वप्नाली खुर्चीत बसली. तिची सहा वर्षांची चिमी रोज त्यांच्या स्कूटरवर मागे बसून शाळेत जात होती. जिथं उजवीकडून ट्रेलर घासून जातात, त्या पाइपलाइन रोडनं. आणि रोज सकाळी पोरीला उचलून मागे बसवत होती ती स्वतः. 

"चिमीला आज मी आणते," एवढंच ती म्हणाली.

हरिचंद्रांनी खिशातून स्कूटरची किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि ते रिक्षानं घरी गेले.

संध्याकाळी त्यांनी स्वतःच बायकोला, बनूबाईंना सांगितलं. सासूबाई भाकऱ्या थापायच्या थांबल्या. पिठाच्या हातानंच नवऱ्यासमोर येऊन बसल्या आणि कितीतरी वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"दोनी डोलं सारखंच दिसतान," शेवटी त्या म्हणाल्या. तव्यावरची भाकरी करपत होती. ती काढायला कुणीच उठलं नाही.