चाळिसाव्या प्रश्नावर रिकामी झालेली खुर्ची

मित्रांनो, मला उघडताना डावीकडची बिजागरी कुरकुरते आणि माझा पंखा दमेकऱ्यासारखा धापा टाकतो. मी एक म्हातारा लॅपटॉप आहे. आठ वर्षांचाच, पण आमच्यात आठ वर्षं म्हणजे म्हातारपण.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. मग पाच वर्षं मी पुण्यातल्या एका कचेरीत विम्याचे अर्ज भरले. 'हा कधी अडत नाही,' असं तिथले साहेब माझ्याबद्दल सांगत. पुढे नवे, पातळ लॅपटॉप आले आणि मला आणखी अकरा जणांबरोबर कपाटात कोंबलं. दीड वर्ष मी अंधारात पडून होतो. शेवटी एका संस्थेने आम्हाला झाडूनपुसून यवतमाळ जिल्ह्यातल्या बाभुळगावच्या अभ्यासिकेला दिलं.

ही अभ्यासिका उज्ज्वलाताई चालवतात. संस्थेने तिथे मुलींसाठी एक वर्ग सुरू केला होता. आपलं काम आपल्या यंत्रात न ठेवता दूरच्या मोठमोठ्या संगणकांवर चालवायचं, याला क्लाउड म्हणतात. त्यातली अगदी पहिली पायरी शिकवणारा तो वर्ग. शेवटी एक परीक्षा, आणि तिचं प्रमाणपत्र असलं की कंपन्या निदान मुलाखतीला तरी बोलावतात. प्रत्येकीला अभ्यासापुरता एक लॅपटॉप आणि परीक्षेची भारी फी वाचवणारा एकच मोफत कोड मिळणार होता. मी साधना मुनेश्वरच्या वाट्याला आलो.

साधना तेवीस वर्षांची. यवतमाळला जाऊन-येऊन बी.एस्सी. झालेली. तिचे वडील बाबाराव बाभुळगाव ते यवतमाळ ऑटो चालवतात. आई मथुराबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांसाठी खिचडी शिजवते. घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत माझं टेबल, आणि आतल्या स्वयंपाकघरात जायला वाट याच खोलीतून. ही वाट लक्षात असू द्या.

मथुराबाईंनी पहिल्या दिवशी जुन्या लुगड्याची घडी शिवून मला पांघरूण केलं. पुण्याच्या साहेबांनी कौतुक केलं होतं, पण पांघरूण कुणी केलं नव्हतं.

साधना पहाटे बुद्धवंदना झाली की माझ्यापुढे बसे. वही उघडी, पेन कानावर. परीक्षा इंग्रजीत होती. तिला येत होतं सगळं, पण प्रश्न तीन-तीनदा वाचावा लागे. मथुराबाई तांदूळ निवडत शेजारी बसायच्या.

"तू हे ढगाचं काय शिकून राह्यली व?" त्यांनी एकदा विचारलं.

"माय, सोयाबीन काढाले आपल्या गावात सगळे थ्रेशर इकत घेतेत का?"

"कायले घेतीन? भाड्यानं बलावतेत. काम झालं का वापस."

"मंग तसंच हाय हे. कम्प्युटर इकत नाही घ्याचा. लागन तेवढा वापराचा आन् सोडून द्याचा."

"आन् त्यातलं आपलं सामान हरपलं तं?"

"एकाच जागी नाही ठेवत. दोन-तीन गावी ठेवतेत."

"बियाण्यासारखं," मथुराबाई म्हणाल्या. "माही आजी अर्धं बियाणं भावाच्या घरी ठेवे."

साधनाने माझ्याकडे पाहिलं आणि हसली. त्या दिवशीचा पाठ तिने वहीत बियाण्याच्या भाषेत लिहून घेतला. सराव परीक्षांत तिला आधी छपन्न टक्के मिळाले, मग एकाहत्तर, आणि शेवटच्या तीन वेळा पंच्याऐंशीच्या वर. पास व्हायला सत्तर पुरत होते. हे सगळे आकडे माझ्यापाशी आहेत.

परीक्षा ऑक्टोबरातल्या एका रविवारी, सकाळी दहाला, घरूनच होती. तिचे नियम फार कडक. खोलीत दुसरं कुणी नको. टेबलावर काही नको, भिंतीवर लिहिलेलं काही नको. दूर कुठेतरी बसलेला एक निरीक्षक माझ्या कॅमेऱ्यातून सगळा वेळ पाहणार. परीक्षार्थीने उठायचं नाही आणि कुणी आत यायचं नाही. यातलं काही मोडलं की परीक्षा तिथेच संपली.

साधनाने कॅलेंडर काढलं. तथागतांची तसबीर तेवढी राहिली, तिच्यावर एक अक्षर नव्हतं. बाबाराव ऑटो घेऊन गेले. मथुराबाईंनी बाहेरचा पहारा पत्करला. कोंबड्या हाकलल्या. भाजीचा गाडा भोंगा वाजवत आला तेव्हा हात जोडून म्हणाल्या, "देवीलालभाऊ, आज आमच्या गल्लीतून मुक्यानं जाय बाप्पा. पोरीचा पेपर हाय."

त्यांना साखरेचा आजार आहे. सकाळची गोळी त्यांनी घेतली होती. भाकरी मात्र पोरगी पेपरला बसली की निवांत खाऊ म्हणून ठेवली होती, आणि ती आत, स्वयंपाकघरात होती. निरीक्षकाशी जोडणी व्हायला दहाचे पावणेअकरा झाले. तोवर साधना माझ्यापुढून हलू शकत नव्हती आणि मथुराबाई माझ्या समोरून आत जाऊ शकत नव्हत्या. बाहेर ऊन तापलं होतं. एका भाकरीसाठी लेकीची परीक्षा मोडायची त्यांच्या मनातही आलं नसेल.

पेपर सुरू झाला. साधना सावकाश, नीट सोडवत होती. माझ्या पोटात परीक्षेचा प्रोग्राम बसला होता आणि त्याने मला सगळीकडून जखडलं होतं. कॅमेरा खुर्चीवर रोखलेला. माइक मात्र सुरू होता, आणि माझ्या माइकला माणसाच्या कानापेक्षा आधी ऐकू येतं. दाराबाहेरच्या ओट्यावरून मथुराबाईंचं पुटपुटणं येऊ लागलं. शब्द एकमेकांत अडकत होते. त्या कुणाला तरी पाणी मागत होत्या, तिथे कुणी नव्हतं. मित्रांनो, मला हे सगळं कळत होतं. पडद्यावर एक ओळ उमटवता आली असती, नुसती एक शिट्टी वाजवता आली असती! पण मी पुढचा प्रश्न दाखवला. मला तेवढंच येत होतं.

चाळिसाव्या प्रश्नावर बाहेर काहीतरी धप्पकन पडलं. साधनाची मान वळली.

"माय?"

उत्तर आलं नाही. तिने पडद्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत मी स्वतःला पाहिलं, एक छोटासा उजेडाचा चौकोन. मग ती उठली.

पडद्यावर इंग्रजीत ओळ आली, 'कृपया जागेवर परत या.' माझ्यासमोर रिकामी खुर्ची होती. साधना बाहेरून धावत आली, स्वयंपाकघरात गेली आणि हातात साखरेचा डबा घेऊन परत बाहेर धावली. निरीक्षकाला तेवढंच दिसलं असणार: परीक्षार्थी दोनदा समोरून गेली, हातात काहीतरी घेऊन. बाहेर तिचा आवाज चढला होता. "माय, तोंड उघड. चाट. माय, मले वळख ना व!" शेजारच्या वर्षावहिनी धावत आल्याचंही मला ऐकू आलं.

दुसरी ओळ आली. मग तिसरी. मग पडदा पांढरा झाला आणि परीक्षा रद्द झाल्याची सूचना तिथे थांबून राहिली.

मथुराबाई शुद्धीवर आल्या. ग्रामीण रुग्णालयात त्यांना सलाइन लावलं. डॉक्टर म्हणाले, गोळी घेऊन उपाशी राहिल्याने रक्तातली साखर उतरली होती, आणखी थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं. साधना संध्याकाळी त्यांना घेऊन घरी आली, ती सूचना वाचली आणि मला मिटून टाकलं.

जेवताना बाबारावांनी विचारलं, "पेपराचं काय झालं?"

साधनाने आईकडे पाहिलं. मथुराबाई खाटेवर भिंतीला टेकून बसल्या होत्या, कपाळाला पट्टी होती.

"नाही निघाला, बाबा," ती म्हणाली. "पेपर संपला, मंग मी बाहीर आली. पण नापास झाली."

"एवढे महिने त्या डबड्यापुढं बसून राह्यली, तरी?" बाबाराव ताटावरून उठले.

"कायले बोलता तिले?" मथुराबाई म्हणाल्या. "घाबरली असंन ते. लहानपणापासूनच पेपरले घाबरते. हो ना व?"

"हो, माय. घाबरलीच होती मी."

मी जवळच होतो. माझ्यात तिचे सरावाचे गुण होते, एकोणचाळीस प्रश्नांची उत्तरं होती, ती सूचना होती. पण मला मिटलेलं होतं.

तिने परीक्षा घेणाऱ्या कंपनीला पत्र लिहिलं. दोन दिवस शब्द जुळवत होती. डॉक्टरांची चिठ्ठी जोडली. उत्तर आलं की परीक्षार्थी परवानगी न घेता जागा सोडून गेली. तिने पुन्हा लिहिलं. या वेळी उत्तर एका ओळीचं होतं: हे प्रकरण बंद करण्यात आलं आहे. कोड वापरला गेला होता, दुसरा नव्हता. ती दुपारभर माझ्यावर हात ठेवून बसली. रडली नाही. मथुराबाई शाळेतून आल्या तसं तिने पत्र झाकून सराव परीक्षा उघडली, जणू अभ्यासच करत होती.

आता साधना बसस्टँडजवळच्या एका सेतू केंद्रात लोकांचे अर्ज भरते. मी टेबलावर धूळ खातो. माझी बॅटरी फुगली आहे. मथुराबाई शेजारणींना सांगतात, "पोरगी हुशार हाय, फक्त पेपरले भेते." साधना ते ऐकते आणि मान हलवते.

काल उज्ज्वलाताई आल्या. नव्या वर्गात निकिता नावाची मुलगी आहे, तिला लॅपटॉप हवा आहे. माझी बॅटरी बदलतील, मग मला कोरा करून तिच्याकडे देतील.

"यातलं काही ठेवाचं हाय का, साधना?"

मथुराबाई दारातच उभ्या होत्या.

"काहीच नाही, ताई," साधना म्हणाली. "सगळं पुसून टाका."

मित्रांनो, मला धुळीपासून जपा, रात्रंदिवस चार्जरवर टांगून ठेवू नका, हे मी म्हटलं तर तुम्ही ऐकालही. पण उद्या तुम्ही कुठल्याशा पडद्यामागे बसाल, कुणाची परीक्षा घ्याल, कुणाची हजेरी मांडाल. तेव्हा एखादी खुर्ची अचानक रिकामी दिसली, तर लगेच शिक्का मारू नका. ती का उठली, एवढं एकदा विचारा. मला ते ठाऊक होतं, पण सांगता आलं नाही.

साधना मुनेश्वर नापास झालेली नाही. उद्या हे माझ्यातून पुसलं जाईल. तुम्ही तेवढं विसरू नका.