लघुमहाराजांनी पुसलेला वळ

लघुमहाराजांच्या दुकानापुढे त्या दिवशी सकाळीच एकाचा दात पडला. रांगेत आधी कोण यावरून गुद्दागुद्दी झाली आणि तो माणूस रक्त थुंकत पुन्हा रांगेतच उभा राहिला. जागा गेली असती ना!

आत महाराज, समोर संगणक, गळ्यात पेनड्राइव्हची माळ. भक्ताचा पेनड्राइव्ह कपाळाला लावायचा, डोळे मिटून ‘जड ते जळो, सार ते उरो’ पुटपुटायचं, की चाळीस एमबीची फाईल दोन एमबीची. अक्षर तसंच, फोटो तसाच, म्हणे. आधीचं आणि नंतरचं पान ते पडद्यावर शेजारीशेजारी दाखवत, दोन्ही पोस्टकार्डाएवढी. पान मोठं करून बघायचं नाही, संशयाने फाईल फुटते. आणि मूळ फाईल म्हणजे जडत्व, ते महाराजांच्या गळ्यातच राहणार. सगळे माना डोलवत होते.

मी छापखान्यात पानं लावते. असल्या थोतांडाने माझं डोकं फिरतं, पण आमच्या आईला कोण समजावणार? धाकट्या बहिणीला तिच्या नवऱ्याने पट्ट्याने फोडून काढलं होतं. पाठीवर बकलाचा चौकोन उमटला होता, एक कोपरा तुटलेला, अगदी त्याच्या बकलासारखा. तो म्हणत होता, जिन्यावरून पडली. मारलं त्या दिवशी काढलेले चार फोटो हाच आमचा पुरावा, कारण आता जखमेवर खपली धरली होती. त्याच संध्याकाळी पाचच्या आत तिच्या केसचे सगळे कागद कोर्टाच्या संकेतस्थळावर चढवायचे होते. मर्यादा पाच एमबी, आमची फाईल अडतीसची. मला न विचारता आई महाराजांकडे जाऊन आली आणि दोन एमबीची फाईल असलेला दुसरा पेनड्राइव्ह माझ्या हातावर ठेवला.

मी ती मोठी करून पाहिली. पाठीवर नुसता तपकिरी डाग होता. चौकोन गेला होता, कोपरा गेला होता. मूळ पेनड्राइव्ह महाराजांच्या गळ्यात, आणि दुसरी प्रत कुठेच नव्हती.

मी आणि बहीण तडक दुकानात घुसलो. आमचा पेनड्राइव्ह द्या म्हटलं, तर महाराज हसले, म्हणाले, बाईने मोठं करून पाहिलं असणार, म्हणून फुटली. हो, पाहिलं, असं मी म्हणताच मागून कोणीतरी माझे केस धरले. एक थोबाडीत बसली, चष्मा फुटला, मी शेजारच्या खुर्चीसकट खाली. पोटात लाथ बसली. मारणारा दातपडका होता. हसावं की रडावं?

तेवढ्यात बहिणीने महाराजांच्या गळ्यातली माळच ओढली. माळ तुटली, पेनड्राइव्ह फरशीवर विखुरले. नवऱ्यापुढे कधी मान वर न केलेली माझी बहीण. तिने आमचा लाल पेनड्राइव्ह उचलला, महाराजांनी दिलेल्यासोबत संगणकाला लावला आणि दोन्ही पानं पडदाभर मोठी केली. एकीकडे डाग, दुसरीकडे तिची सोललेली पाठ आणि तुटक्या कोपऱ्याचा चौकोन.

“ही माझी पाठ आहे,” ती म्हणाली. “नीट बघा. यांनी काय पुसलंय ते बघा.”

मग रांगेतल्या एका नर्सबाईंनी मोबाईलवर स्वतःची फाईल मोठी केली. पेशंटच्या औषधाचं प्रमाण वाचता येत नव्हतं. झालं, तेच लोक महाराजांवर तुटून पडले. त्यांचं नाक फुटलं, पडद्यावर रक्त उडालं. बहीण मध्ये उभी राहिली.

“मारून खरंखोटं कळत नाही. माझ्या घरी तेच चालायचं. पोलिसांना बोलवा.”

ओठ पुसत मी लोकांना सांगितलं की यात मंत्र नाही, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे. ‘सगळ्यात लहान’ हे बटण दाबलं की ते फोटोतले बारीक ठिपके फेकून देतं. छोट्या चौकटीत फरक दिसत नाही, म्हणून तर मोठं करायला बंदी.

छापखान्यात मी मूळ फाईल उलगडली. वजन फोटोंचं नव्हतंच. चाळीस टाइप केलेली पानं रंगीत स्कॅन केली होती. काळ्या अक्षराला रंग कशाला हवा? ती मी काळ्यापांढऱ्यात केली, फोटोंना हात लावला नाही. साडेचार एमबी झाली. साडेचार वाजता बहिणीने स्वतः बटण दाबलं आणि पावती आली.

कोणी चमत्कार दाखवला तर हात जोडू नका, हात उगारूही नका. जवळ जा, मोठं करून बघा, काय गेलं ते विचारा. बघायला मनाई असेल, तर तिथे कोणाचा तरी वळ पुसला जातोय.